कोऱ्या काडीवरची लाळ

१

माझं काम काय ते ऐकलं की समोरचा माणूस हातातला घास खाली ठेवतो. रक्त, लाळ, वीर्य, घाम, क्वचित उलटी. पोलीस चादरी, पेले, सिगारेटची थोटकं कागदी पिशव्यांत घालून आमच्याकडे पाठवतात आणि त्यांच्यावर कोणाच्या अंगातलं काय सांडलंय ते आम्ही सांगतो. सोळा वर्षं मी हेच करते आहे. तरी छातीवर हात ठेवून सांगते, सुपीरियर सरोवराच्या या काठावर आमच्याइतकी हसरी कचेरी दुसरी नसेल.

कचेरी म्हणजे आम्ही दोघी. डाग शोधणं आणि तो कशाचा आहे ते ठरवणं माझ्याकडे. भिंतीपलीकडे बर्नी लापॉइंट बसते. डाग कोणाचा ते ती डीएनएवरून काढते. बर्नी अठ्ठावन्न वर्षांची. दोनदा विधवा झाली आणि तिसऱ्याच्या शोधात असल्याचं कुरिअरवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना सांगून बसली. सकाळी आधी तिचं हसू आत येतं, मग ती, मग माझ्या नावाची हाक. आयला हे माझं नाव आहे, शिवी नव्हे.

"आयला, कालच्या त्या चादरीवर कितीजण निघाले गं?"

"तीन."

"बघ! कुणाला तीन-तीन, आणि मला एक मिळेना."

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो सोवळ्यासारखा कडक पाळतात. पुराव्याच्या काड्या तपासायच्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक कोरी काडी तपासायचीच. काडी म्हणजे टोकाला कापूस लावलेली, कान साफ करायला घेतात तसली, फक्त लांब. कोरी काडी कशालाही लावायची नाही. नुसती स्वच्छ पाण्यात भिजवायची आणि बाकीच्यांबरोबर सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. तिच्यावर काहीही निघता कामा नये. निघालं, तर आपल्या हातून, पाण्यातून नाहीतर हवेतून काहीतरी मिसळलंय, आणि त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

या कोऱ्या काडीला आम्ही आर्व्हिड म्हणतो. आर्व्हिड सुंडेल आमचा पहिला साहेब. एकोणतीस वर्षं नोकरी केली आणि निरोपाच्या जेवणालाही उभा राहून "बरं" एवढंच म्हणाला. आता फ्लोरिडात गोल्फ खेळतो. रोज संध्याकाळी बर्नी भिंतीपलीकडून ओरडते, "आर्व्हिड काय म्हणतो?" मी ओरडते, "काही नाही!" म्हणजे दिवस सरळ गेला.

लाळ ओळखायची आमची पट्टी घरच्या गर्भतपासणीच्या पट्टीसारखीच दिसते. एक रेघ आली तर नुसती पट्टी चालू आहे. दोन आल्या तर लाळ आहे. नशीबही काय थट्टेखोर असतं बघा. दिवसभर चोरांच्या थुंकीला दोन दोन रेघा, आणि घरी न्हाणीघरात माझ्या वाट्याला पाच वर्षं एकच.

२

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात चोरी झाली. चोरानं मागचं दार उचकटलं, गळाच्या चार महागड्या काठ्या उचलल्या आणि मालकाच्या फ्रिजमधली पेस्टी, म्हणजे बीफ-बटाट्याचं सारण भरलेली भली मोठी करंजी, गरम करून, वर केचप घालून अर्धी खाल्ली.

"केचप घातलं म्हणजे चोर इथलाच," बर्नीनं निकाल दिला. "बाहेरचा असता तर ग्रेव्ही शोधत बसला असता."

पेस्टीच्या चावलेल्या कडेवरून मी काडी फिरवली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्या उमटणारच होत्या. मग शेजारची आर्व्हिडची पट्टी उचलली. तिच्यावरही दोन रेघा होत्या.

मी ती दिव्याखाली धरली, तिरकी केली, चष्मा पुसून परत बघितली. दुसरी रेघ फिकी होती, पण होती.

"आर्व्हिड काय म्हणतो?" भिंतीपलीकडून रोजची आरोळी आली.

"बोलला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बर्नी दारात. "काय बोलला?"

"लाळ आहे म्हणतो."

"एकोणतीस वर्षं तोंड उघडलं नाही मेल्यानं, आणि आता फ्लोरिडातून थुंकतोय?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यात वावगं काही नव्हतं. मी शिंकले असेन, मास्क सैल असेल, पाण्याची बाटली जुनी असेल. दुसऱ्या दिवशी काड्यांचा नवा खोका फोडला, नवं पाणी घेतलं, टेबल ब्लीचनं दोनदा पुसलं, एकावर एक दोन मास्क चढवले. आर्व्हिड पुन्हा बोलला. तिसऱ्या दिवशी मी बाहेर उभी राहिले आणि सगळं काम बर्नीनं केलं. त्या दिवशी आर्व्हिड गप्प. चौथ्या दिवशी मी आत गेले, हात मागे बांधून नुसती उभी राहिले, काम पुन्हा बर्नीनंच केलं. दोन रेघा.

"चोर सापडला," बर्नी म्हणाली. "तूच गळतेस. चाळिशी आली की माणूस कुठून कुठून गळायला लागतं, मला विचार."

"दोन मास्कमधून?"

"बरं, त्या कोऱ्या काड्या आण इकडे. डीएनए काढते आणि तुझ्या तोंडावर मारते. मग लग्नातल्या नवरीसारखी मान खाली घालून कबूल कर."

आमच्या दोघींची, सफाईवालीची, आर्व्हिडचीही लाळ नमुना म्हणून यादीत असते, अशाच वेळी ताडून बघायला. माझीच निघणार याबद्दल मला शंका नव्हती. फक्त एक गोष्ट मनात टोचत राहिली. मी हात मागे बांधून उभी होते तेव्हा टेबलापासून सहा फुटांवर होते, आणि माझ्या पुढ्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटून मी नकळत पाय फाकवून जागा केली होती.

३

नोव्हेंबरमध्ये पाळी चुकली. पाच वर्षांत ती अनेकदा चुकली होती, त्यामुळे मी हुरळले नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. पाच वर्षांपूर्वी एकदा दोन रेघा आल्या होत्या. बाविसाव्या आठवड्यात सगळं संपलं. त्यानंतर रूडीनं, माझ्या नवऱ्यानं, पाळण्याची लाकडं गोदामात मागे नेऊन ठेवली आणि आम्ही दोघं त्याविषयी बोलत नाही.

शनिवारी सकाळी न्हाणीघरात मी पट्टी काढली आणि हाताला सोळा वर्षांची सवय, दुसरीही काढली. एक माझी, एक कोरी. कोरीवर नळाचं पाणी घातलं. दोन्ही कठड्यावर ठेवून घड्याळ लावलं.

माझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या. आनंदानं ओरडायला तोंड उघडलं आणि शेजारी नजर गेली. पाण्याच्या पट्टीवरही दोन रेघा होत्या.

रूडी तालुक्याचा बर्फ काढायची गाडी चालवतो. नुकता परतला होता, अजून बूटही काढले नव्हते. मी दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या. त्यानं आधी एक बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. तो उजेड मी पाच वर्षं पाहिला नव्हता.

"आयला!"

"थांब. कोरीवरही आलंय. निकाल बाद."

"म्हणजे?"

"म्हणजे कोरी बोलली की बाकीच्यांचं ऐकायचं नाही. नियम आहे."

रूडीनं पाण्याची पट्टी निरखून पाहिली. मग न्हाणीघरात जाऊन नळाच्या तोटीवर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "अभिनंदन. कितवा महिना?"

मी हसता हसता रडले. सोमवारी डॉक्टरनं रक्त तपासलं. मला खरंच दिवस गेले होते. रूडीनं गोदामातून लाकडं पुढे आणली, कुकरच्या शिट्ट्यांनाही लाजवील अशी शीळ घालत त्यांना पॉलिश करत बसला. मीही आनंदात होते, अगदी काठोकाठ. फक्त ती दुसरी पट्टी मी टाकली नाही. आणि न्हाणीघरात शिरले की दार लावण्याआधी क्षणभर थांबायला लागले, मागून कुणी येत असलं तर चेंगरायला नको म्हणून. कुणी म्हणजे कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही.

४

त्याच्या पुढच्या आठवड्यात बर्नीनं मला तिच्या खोलीत बोलावलं. ती हसत नव्हती. बर्नी हसत नाही तेव्हा खोली मोठी वाटते.

"ती लाळ तुझी नाही," ती म्हणाली. "माझी नाही, आर्व्हिडची नाही, सफाईवालीची नाही."

"मग?"

"बस आधी." तिनं कागद वळवला. "डीएनएत प्रत्येक जागी दोन खुणा असतात, एक आईची, एक बापाची, हे तुला मी काय सांगायचं. या लाळेत प्रत्येक जागी एक खूण तुझी आहे. प्रत्येक जागी, आयला. आणि ती बाई आहे. म्हणजे मुलगी."

"माझी आई असेल," मी म्हणाले. आईशीही निम्मंच जुळतं. तर्क कुठेतरी टेकायला जागा शोधतोच.

"तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. आणि ती या इमारतीत कधी आली होती?"

"नव्हती."

"रूडीची काडी आण."

त्या संध्याकाळी रूडीनं स्वयंपाकघरात आ केला आणि मी त्याच्या गालाच्या आतून काडी फिरवली. "कसला गुन्हा केलाय मी?" तो काडीसकट बोलला. मी सांगितलं. त्यानं आ आणखी मोठा केला. तीन दिवसांनी बर्नीचा फोन आला. उरलेल्या सगळ्या खुणा रूडीच्या होत्या.

आता इथे शहाण्या माणसानं घाबरायला हवं. आम्ही काय केलं ते सांगते. बर्नी वेलदोड्याचा गोड पाव आणि स्वतःसाठी ब्रँडी घेऊन घरी आली. रूडीनं सॉना, आमची वाफेची न्हाणी, तापवला. दोघं टेबलाभोवती नाचली.

"पोरीला घाई झालीय!" बर्नी ओरडली. "नऊ महिने कोण थांबतंय? आईचं ऑफिस बघायला आधीच आली!"

"माझ्यावर गेलीय," रूडी म्हणाला. "बर्फ पडायच्या आधीच गाडी काढणारी."

मला इतकं बरं वाटत होतं की मी तिसरा तुकडा खाल्ला. पण बोटं टेबलाखाली हिशेब करत होती. आर्व्हिड पहिल्यांदा बोलला तेव्हा पोटात काहीच नव्हतं. अजून तीन आठवडे लागायचे होते. शिवाय दुसरीही एक शंका दाराशी येऊन उभी राहिली होती. तिला मी आत घेतलं नाही.

५

जानेवारीतली ही गोष्ट, दुपारच्या जेवणाची वेळ. बाहेर उन्हात बर्फ इतका चमकत होता की डोळे दुखावेत. बर्नी जेवायला गेली होती. मी चादरींच्या खोलीत होते. या खोलीला खिडकी नाही. मधोमध लांब टेबल, वर तपकिरी कागद. चादर पसरायची, दिवे घालवायचे, नारिंगी चष्मा लावायचा आणि निळा दिवा हातात धरून फिरवायचा. त्या उजेडात अंगातलं बरंच काही चमकतं. रक्त मात्र काळं दिसतं. लाळ अंधूक दिसते, काचेवरच्या वाफेसारखी.

चादर अजून पिशवीतच होती. मी नुसता दिवा लावून बघितला, चालतोय का. टेबलाच्या काठावर एक ठिपका चमकला.

सकाळी ते टेबल मी ब्लीचनं पुसलं होतं. नंतर खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात.

मी वाकले. ठिपका अर्धगोल होता. कागदाची कड दाबली जाऊन ओली झाली होती आणि तिच्यावर बारीक खाचा होत्या. मुलं जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली की काठाला तोंड लावतात, चावतात, तशी. दातांचे ठसे वाचणं माझ्या कामाचा भाग आहे. हे दुधाचे दात होते. सगळे आलेले, एकही पडलेला नाही.

मी मोजपट्टी काढली. जमिनीपासून काठ छत्तीस इंच. उभ्यानं तोंड इथवर पोचायचं तर उंची साधारण साडेतीन फूट. तीन वर्षांच्या पुढचं, सहाच्या अलीकडचं मूल.

माझ्या पोटातलं बाळ तेव्हा संत्र्याएवढं होतं. त्याला दात नव्हते.

मी चष्मा न काढता तशीच उभी राहिले. भीती वाटली का? वाटली. मानेपासून टाचेपर्यंत वाटली. आणि तरी त्या खाचांवरून बोट फिरवावंसं वाटत होतं, इतक्या त्या लहान होत्या. मग बाहेर बर्नीचा आवाज आला, "आयला, कुठं मेलीस? कॉफी गार होतेय!" मी दिवे लावले आणि मोजपट्टी खिशात घातली. तिला काही सांगितलं नाही.

६

फेब्रुवारीच्या शेवटी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. पडद्यावर बाळ असं उड्या मारत होतं की यंत्रवालीला त्याच्यामागे धावावं लागलं.

"कळून घ्यायचंय का?" तिनं विचारलं.

"आम्हाला माहीत आहे," रूडी ऐटीत म्हणाला. "मुलगी."

"कोणी सांगितलं? चांगला ठणठणीत मुलगा आहे."

रूडी मोठ्यानं हसला. "मुलगा! आयला, मुलगा!" माझ्या डोक्याचा पापा घेतला, यंत्रवालीशी हात मिळवला, बाहेर येताना कोट उलटा घातला. आनंद खराच होता. तो गाडीत बसेपर्यंत टिकला.

काचेवरचं धुकं विरेपर्यंत आम्ही थांबलो होतो. हीटर घुरघुरत होता.

"मग ती कोण?" रूडी म्हणाला.

मी त्याला टेबलाच्या काठाचं सांगितलं. दात, छत्तीस इंच, सगळं. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता.

"इल्मा असती तर," तो म्हणाला, आणि पाच वर्षांत ते नाव पहिल्यांदा कुणीतरी उच्चारलं, "साडेचार वर्षांची असती ना?"

"हो."

"उंच झाली असती. माझ्यासारखी."

दफनभूमीचा रस्ता रूडीच्या हद्दीत येत नाही. तरी हिवाळाभर तो रस्ता मोकळा असतो, आणि तो कोण मोकळा करतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"पण ती आता का आली असेल, रूडी?"

"भावाला बघायला."

"की न्यायला?"

असं मी बोलले. आईच्या तोंडून असा शब्द निघाला, आणि मला माझीच लाज वाटली. पण दोन आठवड्यांनी बाविसावा आठवडा लागणार होता, आणि आर्व्हिड रोज बोलत होता. मी खोलीत शिरले की पंधरा मिनिटांत दोन रेघा. पुराव्याच्या पट्ट्या आता मी बाहेर असताना बर्नीच लावायची. आता दुसरी रेघ फिकी उरली नव्हती.

"घरी बस," रूडी म्हणाला.

"न्हाणीघरातल्या पट्टीवर काय आलं होतं ते विसरलास?"

त्यानं गाडी सुरू केली. पेस्टीचं दुकान दिसल्यावर तो एकदम म्हणाला, "मुलगा तर मुलगा. केचप खाणारा हवा, एवढंच." मी हसले. हसणं हे आमच्या घरात रडण्याच्या आधीच येतं.

७

मार्चच्या तेराव्या दिवशी, भर दुपारी, कचेरीच्या स्वच्छतागृहात मला डाग दिसला. दहा सेंटच्या नाण्याएवढा. सोळा वर्षं मी दुसऱ्यांचं रक्त वाचलं. ताजं आहे की जुनं, उडालेलं की टपकलेलं, सगळं एका नजरेत सांगते. हे ताजं होतं आणि माझं होतं.

बर्नीनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि कोट ओढला. "गाडी बर्फातून काढते. दहा मिनिटं. कुठंतरी आडवी हो आणि हलू नकोस. आयला, ऐकतेस? डॉक्टरला मी फोन करते. काही होत नाही."

आडवं व्हायला आमच्याकडे एकच जागा. चादरींच्या खोलीतल्या टेबलावर, तपकिरी कागदावर, मी चादरीसारखी पसरले. पोटावर हात ठेवला. बाळ हलत नव्हतं. वरच्या नळ्यांचा उजेड डोळ्यांत खुपत होता. पण मी दिवे घालवले ते त्यासाठी नाही. मला बघायचं होतं.

चष्मा लावला, निळा दिवा उशाशी होता तो घेतला.

दाराच्या बाजूला, टेबलाच्या काठावर एक अर्धगोल चमकत होता. त्याच्या अलीकडे दुसरा. मग तिसरा, माझ्या पायांजवळ. चौथा गुडघ्याजवळ. एखादं मूल काठाला धरून, मध्ये मध्ये थांबत, तोंड टेकत पुढे येतं तसे. पाचवा माझ्या कमरेशी होता आणि तो अजून पसरत होता. माझ्या डोळ्यांदेखत कागदाची कड ओली होत गेली.

ओरडावं असं वाटलं. ओरडले नाही.

"इल्मा," मी म्हणाले.

खोलीत काहीच आवाज नव्हता. पंखासुद्धा बंद होता.

"इल्मा, हा तुझा भाऊ आहे. तुला एकटीला करमत नसेल, मला कळतं. मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही गं पाच वर्षं, चुकलंच माझं. पण याला आत्ता खेळायला मागू नकोस. याला आम्हाला ठेवायचंय. तू ये. तू हवी तेव्हा ये. याला मागू नकोस."

दिव्याच्या उजेडाच्या अगदी कडेला, माझ्या पोटाशेजारी, टेबलाच्या काठावर चार बोटांची टोकं होती. लहान, चमकती, नीट ओळीत. मी डोळा मिटला-उघडला तेवढ्यात ती उचलली गेली आणि दबलेला कागद कुरकुरत पुन्हा वर आला. मग माझ्या पोटावर, कोटाच्या तिसऱ्या बटणाशी, काहीतरी टेकलं. त्याला वजन असं नव्हतं. नुसती ऊब होती.

बाळानं आतून लाथ मारली. चांगली सणसणीत.

"चल, ऊठ!" बर्नीनं दार उघडलं आणि दिवा लावला. टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणाशी बोलत होतीस?"

"पोरांशी," मी म्हणाले.

दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त थांबलं होतं. डॉक्टर म्हणाली, होतं असं कधी कधी. मी मान डोलावली. त्या दिवसानंतर आर्व्हिड एकदाही बोलला नाही. रोज संध्याकाळी "काही नाही!" असं ओरडताना मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि तितकंच वाईटही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

८

एमिल जुलैत जन्मला. आठ पौंड, आणि आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं परिचारिकेकडे चौकशी केली. रूडीनं सगळ्या दवाखान्याला कॉफी पाजली. त्याला येताना वाटेत दिसेल त्याला थांबवून सांगायची सवय लागली होती, अगदी वाहतूक पोलिसालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्नी पाव घेऊन आली. खिडकीतून सरोवर दिसत होतं, निळंशार. एमिल काचेच्या पाळण्यात खोलीच्या त्या टोकाला झोपला होता. आम्ही तिघं इकडे छोट्या टेबलाशी पाव खात होतो आणि बर्नी तिला भेटलेल्या कुणा विधुराचं वर्णन करत होती.

"दात सगळे स्वतःचे आहेत," ती म्हणाली. "मी तपासणारच आहे."

रूडीला ठसका लागला. अर्धा तास तरी आमच्यापैकी कुणी पाळण्याजवळ गेलं नव्हतं. मग बर्नी उठली, "बघू दे माझ्या राजाला," म्हणत वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली.

"आयला. इकडे ये."

टाके विसरून मी धावले. आधी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. गरम होता, गुलाबी होता, झोपेत ओठ हलवत होता. तेव्हा कुठे मी त्याच्या गालाकडे बघितलं.

गालावर एक ओला गोल होता. ताजा, उन्हात चकाकणारा. पाव डॉलरच्या नाण्याहून मोठा नसेल. एवढं छोटं तोंड आमच्या तिघांत कुणाचंच नव्हतं.

रूडी माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्यानं बघितलं आणि माझा खांदा घट्ट धरला.

बर्नीचा हात सवयीनं पिशवीत गेला. ती मोहरबंद काड्या नेहमी जवळ बाळगते, लग्नाला गेली तरी. तिनं एक बाहेर काढली, कागद फाडायला टोकाशी धरला, आणि माझ्याकडे बघून थांबली.

"घेऊ?" ती हळूच म्हणाली. "दोन दिवसांत पक्कं सांगते. तुला कळून घ्यायचं असेल ना?"

"नको," मी म्हणाले.

"तपासायचं नाही?"

"नाही. राहू दे तसाच. वाळू दे."

तिनं काडी पिशवीत परत ठेवली. तो डाग पूर्ण वाळेपर्यंत आम्ही तिघं पाळण्याशी उभे होतो, आणि एमिल झोपेत हसत होता.